नोंद आणि किल्ली : वसईच्या दप्तरांतील एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

वसई तालुक्यातील जमिनीच्या व्यवहाराची जाहीर सूचना वाचावयास घेतली, तर तीत पुष्कळदा एक दुहेरी उल्लेख आढळतो : जुना सर्व्हे नंबर अमुक, नवीन सर्व्हे नंबर तमुक, हिस्सा नंबर अमका. वर्तमानपत्राच्या वाचकाला हा वकिली काटेकोरपणा वाटतो व तो पुढच्या मजकुराकडे वळतो. वस्तुतः ह्या दुहेरी उल्लेखामागे सुमारे पावणेपाचशे वर्षांचा इतिहास उभा आहे. एका वहीतील नोंदी दुसऱ्या वहीत उतरवून घ्यावयाच्या, आणि त्याच वेळी ज्या खुणेवरून नोंद सापडते ती खूणही बदलावयाची, असे काम वसईच्या दप्तरांत वारंवार झाले. नोंदीतील मजकूर सांभाळण्याकडे प्रत्येक कारकिर्दीने लक्ष दिले. खुणेचे काय झाले, ह्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. नुकसान झाले ते बहुधा तेथेच झाले.

संगणकासाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या कामात हाच प्रश्न वेगळ्या वेषात येतो, आणि तेथे तो अधिक स्वच्छ दिसत असल्यामुळे त्याचा विचार आधी करणे सोयीचे होईल. ‘हॅश मॅप’ नावाची जी रचना प्रोग्रॅममध्ये सर्रास वापरतात, ती म्हणजे एक नोंदवहीच होय. तीतील प्रत्येक नोंदीला दोन अंगे असतात : जिच्यावरून शोध घ्यावयाचा ती ‘की’, म्हणजे किल्ली, आणि जे हाती लागावयाचे ते मूल्य. किल्लीवर ठरावीक गणित करून जो अंक निघतो, त्या अंकाच्या कप्प्यात नोंद ठेवली जाते; त्यामुळे वही प्रथमपासून चाळावी लागत नाही. आय.बी.एम. कंपनीतील हान्स पीटर लून ह्यांनी १९५३ च्या जानेवारीत एका अंतर्गत टिपणात ही कल्पना मांडली. दोन भिन्न किल्ल्यांचे गणित एकाच कप्प्याशी येऊन थांबले तर काय, ही शंका त्यांनाही आली होती, व अशा नोंदी एकमेकींना साखळीने जोडून ठेवाव्या, हे उत्तरही त्यांनीच सुचविले. अशी टक्कर निरुपद्रवी असते. कारण कप्प्यात मूल्याबरोबर मूळ किल्लीही ठेवलेली असते, आणि शोधणारा तिच्याशी ताडून पाहतो.

उपद्रव होतो तो निराळ्या ठिकाणी. एका मॅपमधील किल्ल्या अक्षरांच्या आहेत व दुसऱ्यातील संख्यांच्या, असे असेल तर पहिल्यातील नोंदी दुसऱ्यात एकगठ्ठा ओतता येत नाहीत. एकेक नोंद घ्यावी, तिच्या किल्लीचे रूपांतर करावे, आणि मग ती नव्या मॅपमध्ये ठेवावी, असा क्रम असतो. ह्या रूपांतरात दोन जुन्या किल्ल्यांची मिळून एकच नवी किल्ली झाली, तर साखळीचा उपाय लागू पडत नाही. कारण नव्या मॅपच्या दृष्टीने ती एकच नोंद असते. मागाहून आलेले मूल्य आधीच्याला पुसून त्याच्या जागी बसते. जावा भाषेतील ‘पुट’ ही साधी क्रिया अशा वेळी पुसलेले मूल्य परत हाती देते, परंतु ते हात पसरून घेणारा प्रोग्रॅमर विरळा. त्याच भाषेत दुसरी एक रीत आहे, ती मात्र किल्ली दुसऱ्यांदा येताच काम थांबवून तक्रार करते. दप्तराच्या दृष्टीने ही तक्रारखोर रीतच अधिक विश्वासू म्हटली पाहिजे.

दुसरा धोका असा, की नोंद नाहीशी होत नाही, पण सापडतही नाही. बारा ही संख्या आणि ‘बारा’ दर्शविणारी दोन अक्षरचिन्हे ह्या संगणकाला दोन भिन्न वस्तू वाटतात. माहितीची देवाणघेवाण करण्यासाठी जेसन नावाचा जो लेखनप्रकार रूढ आहे, त्यात किल्ली अक्षरांचीच असावी लागते. पायथन भाषेतील मॅप त्यात लिहून परत वाचला, की संख्येच्या किल्ल्या मुकाट्याने अक्षरांच्या होतात. मग संख्येने शोध घेणाऱ्याला ‘नोंद नाही’ असे उत्तर मिळते, आणि नोंद तर जागेवर असते.

आता वसईकडे वळावे. गुजरातच्या बहादुरशहाने १५३४ च्या डिसेंबरात वसई व तिचा मुलूख पोर्तुगीजांच्या स्वाधीन केला. पुढे वीस वर्षांनी, १५५४ मध्ये, पोर्तुगीज राज्याच्या महसुलाचे अधिकारी सिमांव बोतेल्यु ह्यांनी ‘तोंबु’ नावाची उत्पन्नाची मोठी नोंदवही सिद्ध केली. ती १८६८ साली लिस्बनला छापली गेली. वसईच्या प्रकरणात कसबे, परगणे, त्यांतील गावे व त्यांचे उत्पन्न ह्यांची नोंद आहे. मूल्यांच्या बाबतीत ही वही पुष्कळ प्रामाणिक दिसते. भाताच्या मापासाठी येथील ‘मुडा’ तिने जवळजवळ तसाच घेतला, ‘भात’ हा शब्दही पोर्तुगीज वळणाने घेतला, आणि ‘कसबा’, ‘परगणा’ हे प्रशासनाचे शब्द भाषांतर न करता स्वीकारले. किल्ली होती ती गावाचे नाव. आणि नाव मात्र एका भाषेच्या ध्वनिव्यवस्थेतून दुसरीच्या ध्वनिव्यवस्थेत न्यावे लागले. वसईचे ‘बासाईं’ झाले, आगाशीचे ‘आगासाईं’, अशेरीचे ‘आसेरीं’. आद्य ‘व’च्या जागी ‘ब’ आणि शब्दाच्या अंती अनुनासिक, असे ह्या रूपांतराचे नियम भाषाभ्यासकाला सहज सांगता येतात. नियम असला म्हणजे रूपांतर उलटवून मूळ रूप मिळवता येते, असा समज होण्याचा संभव आहे. तो खरा नाही. नियमबद्ध रूपांतरही अनेकांना एकाच ठिकाणी आणून सोडू शकते.

त्याचा पुरावा त्याच पोर्तुगीज कागदांत आहे. गोव्यात तिसवाडीच्या दक्षिण टोकाला आगशी नावाचे गाव आहे. तेही पोर्तुगीज लेखणीत ‘आगासाईं’च झाले. मराठीत आगाशी व आगशी ह्यांना एका दीर्घ स्वराने वेगळे ठेवले होते. तो स्वर रूपांतरात टिकला नाही. साष्टीची कथा तर ह्याहून पुढची. मुंबईच्या उत्तरेचे बेट ते साष्टी आणि गोव्याच्या दक्षिणेचा प्रांतही साष्टी. दोहोंच्याही नावाचा उगम सहासष्ट गावांच्या समूहात सांगतात. येथे टक्कर मूळ भाषेतलीच होती, परंतु दोन्ही मुलूख निरनिराळ्या सत्तांखाली असेतोवर ती कोणाला जाचली नाही. पहिला १५३४ मध्ये व दुसरा १५४३ मध्ये पोर्तुगीजांकडे आला, आणि एकाच राज्याच्या कागदपत्रांत दोन ‘साल्सेत’ नांदू लागले. १७३७ मध्ये मराठ्यांनी उत्तरेकडील साष्टी जिंकून घेईपर्यंत ही स्थिती राहिली. लेखकांनी काढलेला उपाय साधा होता : ‘वसईचे साल्सेत’, ‘गोव्याचे साल्सेत’. एका खुणेने भागेना, तेव्हा दोन खुणा मिळून एक किल्ली केली. प्रोग्रॅमर मंडळी अशा किल्लीला संयुक्त किल्ली म्हणतात.

मराठीला ही युक्ती परकीयांकडून शिकावी लागली नाही. वसई तालुक्यातच भुईगाव बुद्रुक व भुईगाव खुर्द, कौलार बुद्रुक व कौलार खुर्द अशा जोड्या आहेत. फारसीतील मोठा व लहान ह्या अर्थाचे हे दोन शब्द दप्तरांतून ग्रामनामांत उतरले, आणि आज त्यांच्या अर्थाची जाणीव बोलणाराला बहुधा राहिलेली नाही. भेद दाखविणे एवढेच त्यांचे काम उरले आहे. मुंबईच्या माहीमहून निराळे दाखविण्यासाठी उत्तरेकडच्या माहीमला शेजारच्या केळव्याचे नाव जोडून केळवे-माहीम म्हणतात, त्यातही हेच तत्त्व आहे. ग्रामनामांची संपादने करताना अशी विशेषणे ‘गौण’ म्हणून गाळण्याची सवय काही सूचीकारांना असते. ती सवय घातक आहे; जे गाळले जाते तो किल्लीचा अर्धा भाग असतो.

मराठ्यांनी १७३९ च्या मे महिन्यात वसई घेतली. त्या मोहिमेच्या कागदांत गावांची नावे पुन्हा आपल्या ध्वनिरूपांत आली, पण दुसरी एक किल्ली अवघड होऊन बसली : वर्षाची. मराठी दप्तरात शुहूर सन अरबी संख्यावाचकांनी लिहीत; वसई पडली ते वर्ष ‘तिसा सलासीन मया व अलफ’, म्हणजे ११३९. हा सन मृगापासून, म्हणजे जूनच्या आरंभी, सुरू होई. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ५९९ मिळवावयाचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. वसई मेमध्ये पडली, तेव्हा ६०० मिळवून १७३९ हे साल मिळते. महिना ठाऊक नसेल तर ११३९ ह्या एका किल्लीच्या १७३८ व १७३९ अशा दोन किल्ल्या होतात, आणि कोणती निवडावी हे केवळ गणित सांगू शकत नाही. त्याच घटनेचा दिवस काही ग्रंथांत ५ मे व काहींत १६ मे असा आढळतो. पोर्तुगीज सुधारलेली पंचांगगणना पाळीत होते, इंग्रज १७५२ पर्यंत जुनीच पाळीत राहिले, व दोहोंत त्या शतकात अकरा दिवसांचे अंतर होते. दोन तारखा पाहून वाद मांडणाऱ्यांनी दोन दप्तरांच्या किल्ल्या एकाच प्रकारच्या मानल्या, एवढीच त्यांची चूक.

इंग्रजी अमलात वसईच्या नावाचे जे झाले, ते ह्या विषयातील सर्वांत बोलके उदाहरण आहे. पोर्तुगीज ‘बासाईं’वरून इंग्रजांनी ‘बसीन’ केले. १८०२ च्या ३१ डिसेंबरला दुसऱ्या बाजीरावाने केलेला तह त्यांच्या इतिहासात ह्याच नावाने नोंदला गेला. परंतु ब्रह्मदेशात इरावतीच्या मुखप्रदेशातील पाथेन ह्या बंदरालाही इंग्रज ‘बसीन’च म्हणत. हेन्री यूल व ए. सी. बर्नेल ह्यांच्या १८८६ साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशाने तर ह्या एका शब्दाखाली तीन स्थाने दिली आहेत : कोकणातील वसई, ब्रह्मदेशातील पाथेन आणि वऱ्हाडातील वाशिम. तीन भाषिक परिसरांतील तीन असंबद्ध नावे, आणि रूपांतर एक. पाथेनपासून ‘बसीन’ कसे झाले व वसईपासून कसे झाले, हे स्वतंत्रपणे सांगता येते. प्रत्येक पायरी निर्दोष असते. तरीही ‘बसीन’ एवढाच शब्द हाती असेल, तर त्यावरून मूळ गावी परत जाण्याचा मार्ग नाही. कोशकारांनी तिन्ही स्थाने क्रमाने एकाखाली एक मांडली. त्यांनी एक निवडून दोन गाळली असती, तर कोश अधिक नेटका दिसला असता आणि निरुपयोगी झाला असता.

नावांच्या ह्या गोंधळाला उतारा म्हणून अंक आले. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड व विंगेट ह्यांनी १८३५ साली इंदापूरपासून सुरू केलेल्या मोजणीने शेताला क्रमांक दिला. १८४७ च्या संयुक्त अहवालाने त्या पद्धतीला कायमचे रूप आले, व एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती ठाणे जिल्ह्यात पसरली. तोपर्यंत शेताची ओळख त्याच्या नावाने, कसणाऱ्याच्या नावाने वा सीमांच्या वर्णनाने होई. ही किल्ली तोंडी व्यवहाराला पुरेशी होती. जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेल्या कारकुनाला ती पुरत नव्हती. नावावरून क्रमांकाकडे झालेले हे स्थित्यंतर म्हणजे किल्लीच्या प्रकाराचेच रूपांतर होय. ते करणारांनी जुनी किल्ली अगदीच टाकून दिली नाही, हे त्यांच्या दूरदृष्टीचे मानावे लागेल. गाव नमुना सातमध्ये ‘शेताचे स्थानिक नाव’ असा रकाना आजही आहे. पुष्कळ उताऱ्यांवर तो कोरा असतो. ज्या पिढीला ती नावे ठाऊक होती तिच्याकडून तो भरून घेतला गेला असता, तर अनेक वाद उभेच राहिले नसते.

सर्व्हे नंबर ही संख्या आहे काय? ह्या प्रश्नाचे उत्तर भाषाशास्त्राने द्यावयाचे आहे, आणि ते नकारार्थी आहे. सर्व्हे नंबर चाळीस व सर्व्हे नंबर पाच ह्यांची कोणी बेरीज करीत नाही. तो अंकांत लिहिलेले नाव आहे. वारसा-वाटण्या होत गेल्या तशी ह्या नावाला शेपटे फुटली : १२/१, १२/१अ, १२/१ब. ‘४५ पैकी’ असाही एक प्रकार रूढ झाला. त्यात ‘पैकी’ हा शब्द एवढेच सांगतो, की हा पूर्ण पंचेचाळीस नव्हे. पंचेचाळिसाचे तीन भाग तीन खातेदारांकडे गेले आणि तिघांच्याही उताऱ्यावर ‘४५ पैकी’ असे पडले, तर किल्ली एक व मूल्ये तीन अशी अवस्था येते. कागदी वहीत ती चालून जाई. तीन पाने शेजारी शेजारी असत, आणि तलाठ्याला माणसे ठाऊक असत. एका किल्लीला एकच नोंद देणाऱ्या रचनेत तिघांपैकी शेवटचा राहतो. किल्ली संख्येचीच हवी असा आग्रह धरला, तर ‘पैकी’, ‘अ’, ‘ब’ ही सारी विशेषणे गळतात, व १२/१अ आणि १२/१ब एकाच जागेसाठी झगडतात. कोष्टके मांडण्याच्या प्रचलित प्रोग्रॅममध्ये १२/१ असे टाइप केले, तर त्याची कित्येकदा तारीख होऊन बसते. हा दोष केवळ आपल्याकडचाच नव्हे. काही मानवी जनुकांची नावे महिन्यांच्या इंग्रजी संक्षेपांसारखी दिसत, त्यांच्याही तारखा होत, आणि अखेर २०२० च्या सुमारास नामकरण समितीने जनुकांचीच नावे बदलली. वसई-विरारचा दूरध्वनी संकेतांक ०२५० आहे. तो संख्या म्हणून साठवला की आरंभीचे शून्य जाते. शून्याला तेथे किंमत नाही, पण काम आहे.

स्वातंत्र्यानंतर किल्ली आणखी एकदा बदलली. तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या १९४७ च्या कायद्यान्वये महाराष्ट्रातील पुष्कळ गावांत सर्व्हे नंबरांच्या जागी गट क्रमांक आले. येथे अनेक जुन्या किल्ल्यांची एक नवी किल्ली करणे हा अपघात नव्हता, तो योजनेचा हेतूच होता. म्हणून कोणत्या जुन्या नंबरांचा कोणता गट झाला, हे दाखविणारे पत्रक ठेवले जाई. ते पत्रक व गाव नमुना सहा, म्हणजे फेरफाराची नोंदवही, ह्या दोहोंवर सारी भिस्त असे. फेरफार-नोंदवहीचे महत्त्व ह्यात आहे, की तीत जुने पुसले जात नाही. बदल हीच तेथे नोंद असते. एकरगुंठ्यांचे हेक्टर-आर झाले, तेव्हाही चुका झाल्या. परंतु क्षेत्र चुकले तर ते डोळ्यांना दिसते. ज्याचे आहे तो तक्रार घेऊन येतो. खूण चुकली तर उतारा दुसऱ्याच जागी जाऊन बसतो, आणि मूळ जागी काही नव्हतेच असे वाटते.

सातबारा संगणकावर आला तेव्हा ह्या जुन्या अडचणींत लिपीची भर पडली. अंक मराठी लिपीत लिहिले, तर जावा व पायथन ह्या भाषा त्यांची संख्या बिनचूक करून देतात. जावास्क्रिप्ट ‘ही संख्या नव्हे’ असे सांगून मोकळी होते. म्हणजे एकच किल्ली एका दारातून आत जाते आणि दुसऱ्या दारात अडते. अक्षरांची तऱ्हा ह्याहून सूक्ष्म आहे. वाडा तालुक्यातील गोऱ्हे हे गावाचे नाव युनिकोडमध्ये एकाहून अधिक संकेतक्रमांनी लिहिता येते; पडद्यावर सगळी रूपे हुबेहूब एकच दिसतात, पण हॅश मॅपच्या गणिताला ती भिन्न असतात. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे दाखल झाले. तत्पूर्वी ‘अ’ला अर्धचंद्र जोडून ते साधले जाई, आणि ही दोन रूपे प्रमाणीकरणाच्या नियमांनीही एक होत नाहीत. वसईत हे अक्षर आडवळणाचे नाही. ॲग्नेस, ॲलेक्स, ॲन्ड्रयू ही तेथील घराघरांतली नावे आहेत. त्यातच पोर्तुगीज काळापासून एकेका गावात एकच आडनाव अनेक घराण्यांनी धारण केलेले असते, आणि तेच आडनाव कोठे डिसोजा, कोठे डिसोझा असे लिहिले जाते. अशा ठिकाणी एकच व्यक्ती दोन होऊ शकते व दोन व्यक्ती एक. नाव हे खातेदाराची किल्ली म्हणून वापरावयाचे नाही, त्याला खाते क्रमांक द्यावयाचा, ही महसूल खात्याची जुनी रीत किती विचारपूर्वक पडली होती, हे येथे कळते.

हस्तलिखित व संगणकीय उतारे जुळत नाहीत, हे ध्यानात आल्यावर २०१७ साली राज्यभर चावडी-वाचन झाले : गावकऱ्यांपुढे उतारे वाचून दाखवावयाचे व चुका टिपून घ्यावयाच्या. लेखनदोष दुरुस्त करण्याची तरतूद १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ मध्ये होतीच. उपाय चांगला होता, परंतु त्याला एक मर्यादा होती. वाचलेली नोंद चुकीची असेल तर ऐकणारा उभा राहून सांगतो. जी नोंद वाचलीच गेली नाही ती राहून गेली, हे केवळ तिच्या धन्यालाच उमगते, आणि वसईच्या जमिनीचे धनी पुष्कळदा मुंबईत वा आखातात नोकरीला असतात. म्हणून वाचनाआधी मोजणी हवी. जुन्या वहीत नोंदी किती, नव्या वहीत किती, आणि त्यांत फरक पडला असेल तर कोणत्या दोन किल्ल्या एक झाल्या, हे पाहणे प्रोग्रॅममध्ये दोन ओळींचे काम आहे. ते न करता मूल्ये तपासण्यात महिने घालविणे, हा श्रमाचा अपव्यय होय.

किल्ल्या बदलण्याचे प्रसंग अजून संपलेले नाहीत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा संकेतांक २७ व ठाणे जिल्ह्याचा ५१७ होता. वसईची सारी गावे त्याखाली नोंदली आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा नवा जिल्हा झाला, आणि त्या जनगणनेच्या सूचीत पालघर नावाची किल्लीच नाही. पालघरच्या कोणत्याही दहा वर्षांचा अभ्यास मांडू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला आधी तालुकावार मेळाचे कोष्टक स्वतः करावे लागते, व ते प्रबंधाच्या परिशिष्टात छापावे लागते. काही विद्यार्थी ते छापीत नाहीत. मग त्यांच्या आकड्यांची पडताळणी दुसऱ्या कोणाला करता येत नाही.

रेल्वेने मात्र निराळा मार्ग पत्करला. ‘बसीन रोड’ हे स्थानकाचे इंग्रजी नाव जाऊन ‘वसई रोड’ आले. पाट्या बदलल्या, वेळापत्रके बदलली. स्थानकाचा संकेत तेव्हा ‘बी.एस.आर.’ होता, आणि आरक्षणाच्या यंत्रात वसई रोड आजही त्याच तीन अक्षरांखाली सापडते.